विहीणबाईंचा तंबू

डोंगर चढायची हौस शिवणताईंना जन्मात कधी नव्हती. उंचावरची त्यांची सगळ्यात मोठी मोहीम म्हणजे स्टुलावर चढून वरच्या फळीवरची अस्तराची गुंडाळी काढणं, आणि तेही खाली कुणीतरी स्टूल धरलेलं असेल तरच. त्यामुळे "शनिवारी मी डोंगरावर मुक्कामाला चाललेय" असं त्यांनी सांगितलं, तेव्हा पॅन्टच्या मापासाठी ताठ उभं राहिलेलं गिऱ्हाईक हसून वाकलं आणि माप चुकलं.

पण चालल्या होत्या खऱ्या. डोंगरासाठी नव्हे, एका खोलीसाठी.

त्याचं असं झालं. शिवणताईंचं दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. नवे कपडे त्या शिवत नसत. दुरुस्ती तेवढी करत. पॅन्ट आखूड करणं, कोट सैल करणं, चेन बदलणं, कोपरावर ठिगळ लावणं. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या त्या शिवणताई. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर. आता ती इमारत पाडायचं ठरलं होतं. दुसरा गाळा शोधता शोधता त्यांच्या चपला झिजल्या. परवडेल तो लांब, आणि जवळचा परवडेना. राहता राहिला गणवेशांचा कारखाना. लग्नाआधी त्यांनी तिथे काम केलं होतं. दिवसभर नुसत्या डाव्या बाह्या. उजव्या बाह्या शेजारची बाई शिवायची. अख्खा सदरा कसा दिसतो ते त्यांनी कधी रस्त्यावर कुणाच्या अंगावर बघितलं असेल तेवढंच. त्या डाव्या बाह्यांकडे परत जायचं, याला त्यांचं मन अजिबात तयार नव्हतं.

आणि दोन गल्ल्या सोडून विहीणबाईंच्या घराला रस्त्याच्या अंगाला एक खोली होती. मोठी खिडकी, वेगळं दार, आणि दिवसभर तो सावलीतला स्वच्छ उजेड, ज्यात काळ्या कापडावरचा काळा टाकासुद्धा दिसतो. एवढ्या खोलीत काय होतं, तर चेंडू. विहीणबाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने मोडीत काढलेलं सगळं घरी घेऊन आल्या. हवा गेलेले चेंडू, पोट फाटलेल्या गाद्या, शिवाय एक लाकडी घोडा, ज्याच्यावरून आता कुणी उडी मारणार नव्हतं.

"विचार ना सरळ," लेक म्हणाली. लेक-जावई त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत.

"मुलीच्या सासूकडे खोली मागू? म्हणतील, आधी मुलगी पाठवली, मागोमाग मशीन घेऊन स्वतःच आली."

"फुकट थोडीच मागतेस? भाडं देणारेस ना?"

"भाडं दिलं तरी मागणं ते मागणंच."

"मग बस बाह्या शिवत."

लेकीची जीभ आईवरच गेली होती. पण तिनेच मग डोकं चालवलं. विहीणबाई दरवर्षी थंडी ओसरली की एका गटाबरोबर डोंगरावर जायच्या, एक रात्र तंबूत राहून परत. तंबूतली त्यांची जोडीदारीण म्हणजे दातांची डॉक्टर. तिचा गुडघा यंदा कामातून गेला. जागा मोकळी झाली तशी लेकीने आईचं नाव पुढे केलं आणि आईला नंतर कळवलं.

"तंबूत दोघीच असाल. तिथे तरी तोंड उघडशील ना?"

"आणि मला चढताच आलं नाही तर?"

"तर खाली उतरताना विचार."

पुढच्याच आठवड्यात जावयाने तंबू दुकानात आणून टाकला. "आई म्हणाली, दाराची चेन अडकतेय, जरा बघाल का." एवढाच निरोप. चेन बघणं म्हणजे शिवणताईंच्या हातचा मळ. रनर बदलला, मेण फिरवलं, चेन लोण्यासारखी सरकायला लागली. तिथे थांबल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शिवणताईंच्या हाताला थांबायची सवय नव्हती. एक चेन आली की त्या अख्खा कोट उलटा करून बघत, आणि गिऱ्हाइकाने न सांगितलेलं बटण, न दिसलेली उसवण, सगळं निस्तरून देत. लोक खूश होत. निदान शिवणताईंना तसं वाटे.

म्हणून त्यांनी तंबू दुकानभर पसरला. आत शिरून बघितलं तर काय, वरच्या बाजूला दोन ठिकाणी कापड चक्क उघडं! वीतभर वीतभर फटी. बाहेरून त्यांच्यावर टोपीसारखी झालर होती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसणार. आतून नुसती जाळी. आणि प्रत्येक फटीत एक बोटाएवढी काडी, फट उघडीच राहावी अशी आडवी अडकलेली.

"बाई बाई बाई," शिवणताई तंबूलाच म्हणाल्या. "अशा भोकांखाली त्या इतकी वर्षं डोंगरावर झोपतायत!"

त्यांनी दोन्ही काड्या कापून टाकल्या. जाड सुई घातली, मेणाचा दोरा ओवला, कडा आत दुमडून दुहेरी टीप मारली. वरून आणखी हाताने टाके घातले, कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने, की बोट फिरवलं तरी शिवण लागू नये. काम असं झालं की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. सांगितलं मात्र कुणाला नाही. बेत पक्का होता. रात्री तंबूत विहीणबाई म्हणतील, यंदा वारा कसा लागत नाही हो? मग आपण सहज सांगायचं. मग त्या खूश होतील. आणि त्या खुशीतच, लोखंड तापलेलं असताना, खोलीचं विचारायचं.

शनिवारी सकाळी गट डोंगराच्या पायथ्याशी जमला. पाच-सहाच माणसं. वाट दाखवायला एक तरुण मुलगी होती, पोटऱ्या अशा की शिवणताईंनी मनातल्या मनात तिच्या पॅन्टला दोन्हीकडून सैल केलं. विहीणबाई डोक्याला रुमाल बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या. निवृत्त झाल्या तरी शिट्टी सुटली नव्हती.

"बूट नवे की काय?" त्यांनी शिवणताईंच्या पायांकडे बघून विचारलं.

"लेकीने घेतले."

"घरात घालून फिरलात का आठ दिवस?"

"दुकानात घालून बसले होते."

"बसून बूट मऊ होत नाहीत, विहीणबाई." त्याही शिवणताईंना विहीणबाईच म्हणत; दोघी एकमेकींच्या विहिणी, नाव घ्यायची गरज कधी पडलीच नव्हती. "चला. बोलता येईल एवढ्याच वेगाने चालायचं. बोलणं बंद पडलं की थांबायचं. हा एकच नियम."

नियम सोपा होता आणि शिवणताईंच्या बेताला अगदी साजेसा. पण पहिल्या चढावरच तो मोडला. त्यांना वाटलं होतं, दिवसभर मशीनचं पायटं दाबून आपले पाय दणकट झाले असतील. दणकट होतेही, पण घोट्यापर्यंतच. गुडघ्याच्या वरचे पाय कुणा दुसऱ्याच बाईचे निघाले, आणि ती बाई कटकटी होती. पाठीवरची पिशवी मागे ओढत होती, वाट पुढे ओढत होती, मधे शिवणताई.

विचारायचं तर श्वास हवा. श्वास आला की विहीणबाई दोन वळणं पुढे. त्या थांबल्या की शिवणताई पोचत, पण पोचता पोचता श्वास परत गेलेला. एकदा त्यांनी नेट धरून सुरुवात केलीच.

"विहीणबाई... तुमची ती... खालची..."

"खालची काय?"

"खो..."

"खोकला येतोय? पाणी प्या. घोट घोट. गटागटा नको."

पाणी प्यायल्या. काय करणार.

दुपारपर्यंत मात्र एक नवल झालं. पाय दुखायचे थांबले नाहीत, पण शिवणताईंनी त्यांचं ऐकणं सोडून दिलं. कटकटी गिऱ्हाइकाचं करतात तसं. वाट झाडांतून बाहेर आली आणि एकदम सगळं मोकळं झालं. खाली गाव, रस्ते, नदीची दोरी. त्यांना वाटलं होतं की वर गेलं की भीती वाटेल. पण वरून बघताना त्यांना नुसती शिवण दिसली. कुठल्या शेताची कड कुठल्याला जोडलीय, रस्ता कुठे टाचून घेतलाय, टेकडीच्या पोटात कुठे चुण्या पडल्यात. कितीतरी वर्षं त्यांनी हातभर अंतरापलीकडे नीट बघितलंच नव्हतं. डोळ्यांनाही लांबवर जायला जागा लागते, हे त्यांना आज कळलं.

"आवडलं वाटतं," विहीणबाई शेजारी येऊन टेकल्या. एक उकडलेलं अंडं सोलून त्यांनी अर्धं पुढे केलं.

"वेड्यासारखं छान आहे हो!"

"मला वाटलं होतं पहिल्या वळणावरनं परत जाल."

"मलाही."

दोघी हसल्या. आता विचारावं, असं शिवणताईंच्या अगदी ओठांवर आलं. पण तोंडात अंडं होतं, आणि इतक्या चांगल्या क्षणाला मागणं चिकटवायचं त्यांच्या जिवावर आलं. रात्र आहे की, त्यांनी स्वतःला समजावलं. रात्रीसाठी तर एवढी शिवण घातलीय.

मुक्कामाची जागा माथ्याच्या जरा खाली, कातळाच्या आडोशाला होती. पोचले तेव्हा वारा सुटलेला, उजेड चाललेला. विहीणबाईंनी शिट्टी तोंडात धरून तंबू उभारला. "ही काठी धरा. वाका. सोडा. अहो, ती नाही, ती!" शिवणताई सांगतील ते धरत होत्या. वरच्या टोपीसारख्या झालरींकडे विहीणबाईंचं लक्ष गेलं नाही. वाऱ्याने कापड फडफडत होतं आणि त्यांना खुंट्यांची घाई होती. चेनला मात्र त्यांनी दाद दिली. दोनदा वर-खाली करून बघितली आणि म्हणाल्या, "हं. काम चोख."

गरम सूप प्यायलं, पावाचे तुकडे बुडवून. वाट दाखवणाऱ्या मुलीने सगळ्यांना आकाशातलं काय काय दाखवलं. शिवणताईंना त्यातलं एकही ओळखता आलं नाही, पण त्यांची मान मोडेपर्यंत बघून झालं. मग ओले मोजे आतल्या दोरीवर टाकून दोघी तंबूत शिरल्या आणि झोपायच्या पिशव्यांत सुरवंटासारख्या पडल्या. विहीणबाईंनी दाराची चेन पार खालपर्यंत ओढली.

आणि मग अंधारातून ते वाक्य आलं, ज्याची शिवणताई आठवडाभर वाट बघत होत्या.

"यंदा तंबू काय ऊब धरतोय हो!"

शिवणताईंचा जीव सुपाएवढा झाला. त्या पिशवीसकट कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, मी काय म्हणत होते..."

उत्तर म्हणून घोरणं आलं. लयबद्ध. खेळाच्या शिक्षिकेला शोभेल असं.

पहाटे शिवणताईंना स्वप्न पडलं की दुकानाचं छत गळतंय आणि थेंब नेमका कुणाच्या तरी पांढऱ्या कोटावर पडतोय. त्या कोट ओढायला गेल्या आणि जाग्या झाल्या. थेंब त्यांच्या नाकावर पडत होता. दुसरा कपाळावर. हात बाहेर काढून वर लावला, तर तंबूचं कापड ओलंगच्च. बोटाचा स्पर्श झाला तशी ओहोळाची रेघच खाली आली. झोपायची पिशवी वरून ओली. मोजे काल होते त्याहून ओले.

"पाऊस?" त्या पुटपुटल्या.

शेजारी विजेरी लागली. विहीणबाई उठून बसल्या होत्या. केस कपाळाला चिकटलेले, नाकाच्या शेंड्यावर एक थेंब लोंबतोय. त्यांनी दाराची चेन थोडी उघडून बाहेर डोकं काढलं. बाहेर कोरडं ठणठणीत. वाऱ्याचा मागमूस नाही.

"पाऊस आतच पडतोय," त्या आत येऊन म्हणाल्या. मग विजेरी वर फिरवली. डाव्या कोपऱ्यात. उजव्या कोपऱ्यात. परत डाव्या कोपऱ्यात.

"विहीणबाई."

"हं?"

"इथल्या खिडक्या कुठे गेल्या?"

शिवणताईंच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला आणि त्या प्रकाशात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. "त्या... खिडक्या होत्या?"

"नाही तर काय होतं?"

"मला वाटलं उसवलंय."

विहीणबाईंनी नाकावरचा थेंब पुसला. "तंबूला श्वास घ्यायला जागा लागते हो. दोन बाया रात्रभर आत श्वास सोडणार, ती वाफ जाणार कुठून? आपण उकडून निघालो, शेंगांसारख्या." त्यांनी बोट शिवणीवरून फिरवलं. शिवण लागली नाही. "आणि काडी? इथे काडी असते, फट उघडी ठेवायला."

"ती कापली."

"कापली!"

"आडवी येत होती."

एक थेंब विहीणबाईंच्या मानेत पडला. शिवणताईंनी मुकाट्याने जाकिटाच्या आतल्या बाजूला टोचून ठेवलेली उसवायची छोटी आकडी काढली. ती त्यांच्या अंगावर नेहमीच असायची, लग्नकार्यालाही. त्या गुडघ्यांवर उभ्या राहिल्या आणि टाके काढायला लागल्या. काम किती चांगलं झालं होतं ते त्यांना आता कळलं. दुहेरी टीप, वर मेणाचा दोरा, वर हातटाके. आकडी शिरायला जागाच नाही. स्वतःच्या हाताला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली. विहीणबाई विजेरी धरून बसल्या. प्रत्येक हिसक्याला वरून दोघींवर सडा पडत होता.

"परवानगीशिवाय," विहीणबाई विजेरी हलवून म्हणाल्या, "मी फक्त चेन सांगितली होती."

"हो."

"माझ्या बैठकीतल्या पडद्यांचंही तुम्ही असंच केलंत."

शिवणताईंची आकडी थांबली. थंडी सुरू होण्याआधी एकदा त्या चहाला गेल्या होत्या. पडदे जमिनीवर लोळत होते. विहीणबाई चहा करेपर्यंत त्यांनी खाली बसून दोन्ही पडदे दुमडून टाचून दिले होते. "लोळत होते ते," त्या म्हणाल्या.

"लोळायलाच हवे होते. दाराच्या फटीतनं गार वारा येतो, तो अडतो त्याने. सगळी थंडी माझे पाय गारठले. आणि सोफ्याच्या उशा?"

"त्यांचा कापूस एकीकडे गेला होता..."

"मी त्या एकीकडेच डोकं ठेवते."

शिवणताई परत टाक्यांकडे वळल्या. एक टाका, दुसरा टाका. उजवी फट उघडली आणि गार हवेचा झोत असा आत आला की दोघींच्याही अंगावर शहारा आला. तंबूने खरंच श्वास घेतल्यासारखं झालं.

"तुम्हाला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे," विहीणबाई म्हणाल्या. आवाज आता चढा नव्हता. "सूनबाईच्या पोटात काही राहत नाही. महिन्यापूर्वीच सांगितलं तिने."

शिवणताईंच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या तंबूत तेवढीच एक जागा कोरडी उरली. "मग तुम्ही काही बोलला नाहीत..."

"काय बोलणार? खोली पडूनच आहे. पण मला भीती वाटते हो तुमची. आज खोली दिली की उद्या माझ्या टॉवेलांना काठ लागतील. परवा माझा झगा कमरेत घेतलेला असेल. खालच्या मजल्यावर मी एकटी राहून राहून माझ्या उसवलेल्या जागा मला पाठ झाल्यात. कुणी न विचारता नीट करायला लागलं की मला माझंच घर सापडत नाही."

हे सगळं त्या विजेरी सरळ धरून म्हणाल्या, तोंडावर. शिवणताईंना वाटलं, आता रडू येणार. पण आलं नाही. उलट डोक्यातलं काहीतरी सैल झालं. लोक खूश होतात असं त्या धरून चालल्या होत्या. कुणाला विचारलं कधी होतं? त्यांच्या स्वतःच्या दुकानातलं ते डुगडुगतं स्टूल एकदा जावयाने न सांगता दुरुस्त केलं होतं, तेव्हा त्यांनाही दोन दिवस त्याच्यावर बसताना तोल गेल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी तोंडाने मात्र त्याचं कौतुकच केलं होतं.

"विचारते मग आता," त्या म्हणाल्या. गुडघ्यांवर उभ्या, डोक्याला चिकटलेले केस, हातात आकडी. मागणं मागायला याहून वाईट अवतार नसेल. "ती खोली मला भाड्याने द्याल का? दुकानासाठी. नाही म्हणालात तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, मला बाह्या शिवाव्या लागतील. पण मी रुसणार नाही."

"कसल्या बाह्या?"

शिवणताईंनी डाव्या बाह्यांचं सांगितलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं. "उजव्या कोण शिवायचं?" एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, "बघते. डावी फट राहिलीय अजून. ती उसवा."

सूर्य वर आला तेव्हा दोघी कातळावर, उन्हात, झोपायच्या पिशव्या वाळत टाकून बसल्या होत्या. खाली सगळं धुकं. नदी नाही, रस्ते नाहीत. वाट दाखवणाऱ्या मुलीने चहाचे कप आणून दिले आणि ओल्या तंबूकडे बघून भुवया उंचावल्या. "काय झालं, मॅडम?"

"हवा बदलली," विहीणबाई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. शिवणताईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही. पण 'यांनी खिडक्या शिवून टाकल्या' असं त्या म्हणाल्या नव्हत्या, आणि ते शिवणताईंनी चहाबरोबर आत ठेवून घेतलं. अंग ठणकत होतं, बुटांनी टाचा सोलल्या होत्या, उत्तर अजून मिळालं नव्हतं. तरीही ऊन पाठीवर आलं तसं त्यांना बरं वाटायला लागलं, उगाचच. विचारून झालं होतं. बाह्या तर बाह्या. इथवर चढून आलेली बाई उजव्यासुद्धा मागून घेईल.

उतरताना काटेरी झुडपांमधून वाट होती. विहीणबाई पुढे. एका काट्याने त्यांच्या जाकिटाचा खिसा धरला आणि त्या थांबल्या नाहीत; टर्रकन आवाज झाला. खिसा एका कोपऱ्यावर लटकायला लागला, दर पावलाला फडफडत.

शिवणताईंचे हात शिवशिवले. सुई कॉलरखाली होती. दोरासुद्धा तोच रंग.

"विहीणबाई, खिसा फाटला तुमचा. टाचून देऊ का?"

"नको."

"बरं."

त्या पुढे, खिसा पुढे, मागे शिवणताई. उतारावर नजर खाली ठेवावी लागते आणि खाली नेमका तोच खिसा. फडफड. फडफड. त्यांनी पाठीवरच्या पिशवीचे पट्टे दोन्ही मुठींत गच्च धरले. चढताना नाकी नऊ आले होते, पण खरी चढण ही होती. एका वळणावर त्यांनी चक्क डोळे मिटले आणि दगडावरून घसरल्या.

मागून ती वाट दाखवणारी मुलगी आली. "काकू, तुमच्या विहीणबाईंचा खिसा लोंबतोय बघा. तुम्ही तर शिवणकाम करता ना? दोन टाके घाला की!"

"माहितीय," शिवणताई म्हणाल्या. "त्यांना नकोय."

"अहो, पण पडेल ना काहीतरी!"

"खिसा त्यांचा आहे. पडलं तर त्या उचलतील."

पुढची पावलं जरा मंदावली. विहीणबाईंनी मान वळवली नाही. वाट परत झाडांत शिरली, सावली आली, पायाखाली माती मऊ झाली.

"मशीन आवाज फार करतं का?" पुढून प्रश्न आला.

शिवणताईंना आधी कळलंच नाही की तो त्यांना आहे. "करतं थोडा. तेल दिलं की कमी."

"दुपारी मी झोपते."

"दुपारी मी हातशिलाई करीन. काजं, बटणं. त्याला आवाज नसतो."

"आणि मशीन बसवणार कुठे?"

"खिडकीशी. उजेड तिथेच चांगला."

"खिडकीशी माझा घोडा आहे."

"तो घोडा काय, जरा..." शिवणताईंनी जीभ चावली. झाडावर कुठलासा पक्षी ओरडला. "घोडा कुठे ठेवायचा ते तुम्ही सांगा. तुमचा आहे."

विहीणबाई हसल्या. गळ्यातली शिट्टी त्या हसण्याने हलली आणि जाकिटाच्या चेनवर आपटली. "घोडा राहील मधोमध. गिऱ्हाइकांचे कोट टाका त्याच्यावर. निदान काहीतरी चढेल त्याच्या पाठीवर."

"म्हणजे... हो?"

"उतारावर बोलू नका. गुडघे वाकवा. टाच आधी नको, सगळं पाऊल टेका."

शिवणताईंनी सगळं पाऊल टेकलं. मग दुसरं. खाली झाडांच्या फटीतून पायथ्याची गाडी दिसायला लागली होती, आणि त्या घोड्यावर एका वेळी किती कोट राहतील याचा त्या मनाशी अंदाज बांधत होत्या.